डावा बूट

सून घरात आली की मुलाचे पाय आईच्या हातून जातात. आमच्यात हे असंच आहे. मुलगा बाकी कितीही आईचा राहिला तरी त्याचे बूट कोण भरणार, हे लग्नाच्या दिवशीच ठरून जातं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या हातातून माझ्या नवऱ्याचे, आंदेचे बूट असेच काढून घेतले होते, आणि ती तोंडातून ब्र न काढता कोपऱ्यात जाऊन बसली होती. तेव्हा मला वाटलं, बाई समजूतदार आहे. तिच्या पोटात काय पेटलं असेल ते मला तीस वर्षांनी कळलं.

आम्ही पठारावरची, रेनडियर पाळणारी माणसं मोजे घालत नाही. रेनडियरच्या पायाच्या कातड्याचे केसाळ बूट आणि आत पायगवत. हे गवत तळ्याच्या काठी चिखलात उगवतं. ऑगस्टमध्ये, पहिलं दंव पडायच्या आत ते कापायचं, ओंडक्यावर ठेवून मोगरीने बडवायचं, विंचरायचं, वाळवायचं, आणि मग पीळ देऊन त्याच्या चुंबळी करून ठेवायच्या. सकाळी चुंबळ सोडायची, गवत हाताने फुलवायचं आणि बुटात असं बसवायचं की पाय घरट्यात बसल्यासारखा बसला पाहिजे. रात्री काढून शेकोटीजवळ सुकवायचं, सकाळी परत भरायचं. कडाक्याच्या कोरड्या थंडीत वाईट गवतही एकवेळ चालून जातं. पण नदी धरायच्या, म्हणजे गोठून पक्की व्हायच्या, आधीचे ते ओले, वाऱ्याचे दिवस असतात ना, तेव्हा माणसाची बोटं गवतावरच तगतात.

आणि माझं गवत नाव घेण्यासारखं होतं. मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण सांगणारे आता फारसे उरले नाहीत. लग्नाच्या मुलींना त्यांच्या आया माझ्याकडे पीळ शिकायला पाठवत. माझा आंदे छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा त्याच्या पायांना दहाच्या दहा बोटं होती. त्याच्या वयाच्या पुरुषांत तसा दुसरा नव्हता.

त्याच्यामागे मला एक नीलास. त्याचे पहिले बूट माझ्या तळहाताएवढे होते. चोवीस वर्षं ते पाय मी भरले. आणि मग ईस्टरला, चर्चच्या गावी, त्याने इंगिरशी लग्न केलं.

इंगिर कारास्योककडची, नदीकाठची. तिकडचे लोक घरं बांधून राहतात, गाई पाळतात, बटाटे लावतात. लढाईत जर्मनांनी त्यांची घरं जाळली, तर त्यांनी परत तिथंच बांधली. आम्ही त्यांना गाईवाले म्हणतो आणि ते आम्हाला काय म्हणतात ते मी सांगत नाही. मुलगी उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. माझ्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपली. का म्हणाल तर काही कारण नव्हतं. ती कामाला वाघ होती, उलट उत्तर क्वचितच द्यायची, आणि नीलास तिच्याकडे बघून उगाच हसायचा. हे उगाच हसणं मला सहन होईना. माझ्याकडे बघून तो शेवटचा कधी हसला होता ते मी आठवत बसायची. कॉफी ओतली की तो आधी तिला विचारायचा, "साखर?" तिला घरात येऊन दोनच महिने झाले होते म्हणून तिला विचारायचा, आणि मला काय लागतं ते त्याला चोवीस वर्षं माहीत होतं म्हणून मला विचारायचा नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मी तिला नुसती पाण्यात पाहत होते.

आणखी एक गोष्ट होती, जी मी कोणाला सांगितली नव्हती. माझी बोटं वळेनाशी झाली होती. दोन वर्षांपासून सांधे सुजत होते. त्या उन्हाळ्यात तर विळा हातातून निसटायचा. सगळ्या बायका ऑगस्टमध्ये तळ्यावर गेल्या तेव्हा मी कंबर दुखते म्हणून मागे राहिले. कोणासमोर विळा पडला असता तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मग त्या परतल्यावर मी एकटीच गेले. तोपर्यंत दंव पडून गेलं होतं. पात्यांची टोकं तांबूस झाली होती. दंव लागलेलं गवत बुटात भुगा होतं, हे आमच्यातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. मी मात्र मनाशी म्हटलं, एकच तर रात्र पडलंय, एवढ्याने काय होतंय. आणि कापलं, जेवढं जमलं तेवढं बडवलं आणि कशाबशा चुंबळी वळल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी आमची तीन बिऱ्हाडं नदीकाठच्या मुक्कामावर येऊन थांबली होती. नदी धरली की पलीकडे उतरून हिवाळ्याच्या कुरणांकडे निघायचं. तोवर तयारी. घसरगाड्यांच्या पट्ट्यांना डांबर लावणं, फाटलेले पट्टे शिवणं, मांस धुरावर टांगणं, ओझ्याच्या जनावरांना एकामागून एक बांधून चालायची सवय लावणं. दुपारी तीनलाच अंधारून यायचं आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे युस्साभावजी काठी घेऊन नदीवर जायचे. ते आंदेचे थोरले भाऊ, आमच्यातले कर्ते. काठी बर्फावर आपटून आवाज ऐकायचे आणि मान हलवत परत यायचे.

अशाच एका दिवशी इंगिरने आपली पायगवताची पिशवी उघडली. मी तिच्या चुंबळींकडे पाहिलं. हिरवट-पिवळ्या, रेशमासारख्या. पीळ आमच्या उलटा, डावीकडे दिलेला, पण एकसारखा, एक काडी बाहेर आलेली नाही.

मी म्हटलं, "गाईसुद्धा बूट घालतात का गं तुमच्याकडे?"

युस्साभावजींची बायको मारित खुदकन हसली. इंगिरने मान वर केली नाही. म्हणाली, "नाही, आई. पण गवत चांगलं की वाईट ते गाईला पहिल्या घासात कळतं. माणसाला पाय गारठल्यावर कळतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नीलास तिथंच बसून चाकूची मूठ घासत होता, तो मोठ्याने हसला. मी म्हटलं, "हस. पण ह्या हिवाळ्यात तुझे बूट मीच भरणार. गोठ्यातलं गवत पठारावर टिकत नाही."

"आई, आता तिचं काम आहे ते."

"तिचं काम ती शिकली की तिचं."

तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. बिचाऱ्याला दोघींनाही दुखवायचं नव्हतं. शेवटी म्हणाला, "असं करू. उजवा आईचा, डावा इंगिरचा. कोणाचा पाय जास्त गरम राहतो ते मी सांगतो. भांडण मिटलं."

मारितला ही गंमत फार आवडली. मुक्कामभर तोच विषय झाला. दुसऱ्या दिवशी नीलास उजव्यात माझं आणि डाव्यात तिचं गवत घालून कळपावर गेला आणि अंधार पडता पडता परतला. मी त्याच्यापुढे मांसाचं ताट ठेवलं आणि बसले वाट बघत.

"आई, खरं सांगू का?"

"खोटं सांगायला मी तुला जन्म दिलाय का?"

"डावा जरासा जास्त गरम राहिला."

"जरासा?"

"अगदी जरासा," तो म्हणाला आणि माझी नजर चुकवून हाड फोडायला लागला.

जराशाचं मी काहीतरी करून पोटात घातलं असतं. पण नंतर मी सरपण आणायला बाहेर पडले आणि आमच्या मातीच्या झोपडीच्या भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज ऐकू आला. तो इंगिरला सांगत होता, "उजव्यात दुपारपर्यंत नुसता भुगा झाला होता गं. आईच्या हाताचं काहीतरी बिनसलंय. तू तिला काही बोलू नकोस हां."

ती म्हणाली, "मी कशाला बोलू?"

मी तिथंच उभी राहिले. कीव केली मुलाने आणि राग आला सुनेचा. हे असं का, ते मला विचारू नका. चोवीस वर्षं मी त्याचे पाय राखले आणि आता तो ह्या कालच्या पोरीला सांगत होता की आईला बोलू नकोस. मला वाटलं, हिने माझ्या पोराच्या मनातलं माझं नाव पुसून टाकलं. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर त्याने म्हणावं की आईचा पाय जास्त गरम. एवढंच मला हवं होतं.

दोन दिवसांनी बातमी आली की आपली चाळीसेक जनावरं मोठ्या तळ्याच्या पलीकडे फुटली आहेत. नीलासने जायचं ठरलं. एक दिवस जायचं, एक दिवस यायचं, आणि येता येता तळ्यावरचं बर्फ ओझ्याच्या गाड्या पेलेल का तेही बघून यायचं. एक घसरगाडी, एक ओढायचा बैल, म्हणजे खच्ची केलेला रेनडियर, बरोबर स्की.

निघायच्या सकाळी आम्ही दोघींनी आपापला बूट भरला आणि शेकोटीजवळ ऊब धरायला ठेवला. नीलास बाहेर बैल जुंपत होता. इंगिर पाणी आणायला नदीवर गेली. झोपडीत मी एकटी. दोन्ही बूट समोर.

मी डाव्यात हात घातला. इतकं मऊ, इतकं दाट गवत मी माझ्या चांगल्या दिवसांतही केलं नव्हतं. मारे गाईवाली! मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू आलं नाही. मी ते घरटं तसंच्या तसं उचललं, उजव्यात बसवलं, आणि उजव्यातलं माझं गवत डाव्यात दाबलं. सुजलेल्या बोटांनीही त्या दिवशी हे काम झटक्यात झालं. प्रवासाची पिशवी मीच भरत होते. तीत जादा पायगवताची एक चुंबळ ठेवली, तीही तिचीच, म्हणजे कमीजास्त झालं तर पोराचे हाल नकोत. म्हणजे बघा, मला माहीत होतं. डाव्यात काय घातलंय ते मला पक्कं माहीत होतं. पण दोन दिवसांची तर फेरी, डावा जरा गारठेल, उजवा गरम राहील, आणि परत आल्यावर तो सगळ्यांदेखत म्हणेल, आईच जिंकली. मी मनातल्या मनात मांडे खात होते.

त्याने बूट चढवले, पट्ट्या गुंडाळल्या, आमच्या दोघींकडे बघून पाय आपटले. "निघाली शर्यत," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. संध्याकाळ झाली, तो आला नाही. तिसऱ्या दिवशी बर्फ उडत होतं, समोरचं माणूस दिसत नव्हतं. युस्साभावजी म्हणाले, "वारं आहे म्हणून बसला असेल कुठं आडोशाला. शहाणा आहे पोरगा." इंगिर दर थोड्या वेळाने दार उघडून बाहेर बघायची. मी तिला म्हटलं, "दार लाव, ऊब जाते." तिने लावलं आणि परत उघडलं. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, डावा बूट.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. एकटाच स्कीवर, वाकून, मागे बैल, आणि घसरगाडी नाही. तळ्याच्या कडेला बर्फ फुटलं होतं. गाडी पिशवीसकट पाण्यात गेली. बैलाला सोडवून काढताना हा गुडघ्यापर्यंत भिजला. जादा गवत गेलं, आगकाड्या गेल्या, कोरडं काही उरलं नाही. त्याने बूट काढून दोन्ही गवतं पिळली, परत भरली, आणि वाऱ्यात दीड दिवस चालत आला.

आम्ही त्याला आत घेतलं. युस्साभावजींनी पट्ट्या कापून बूट ओढले. उजव्यातलं गवत बाहेर काढलं तर ते ओलं असूनही हातात फुललं. उजवा पाय लाल, सुजलेला, पण जिवंत होता. डाव्यातून लगदा निघाला, निम्मा बर्फ झालेला. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मेणासारखं पांढरं पडलं होतं. भावजींनी त्यांवर नख टोचलं. नीलासला कळलंही नाही.

"हे कोणाचं गवत?" भावजी ओरडले.

नीलासचे दात वाजत होते. "उजवा... आईचा."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. "राव्ना, तुझ्या हाताने पोराचा एक पाय राखला." मग इंगिरकडे वळून म्हणाले, "आणि हे काय? हे शेण गोठ्यात घालायचं, माणसाच्या बुटात नाही."

मला हवं होतं ते वाक्य मला मिळालं. सगळ्यांसमोर मिळालं.

इंगिरने तो लगदा हातात घेतला, त्यातल्या दोन काड्या वेगळ्या केल्या आणि उजेडाला धरल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. दोन महिने चुंबळीत राहिलेल्या काडीचा पीळ बुटात भिजून, तुडवूनही जात नाही. त्या काड्या उजवीकडे, आमच्या पिळाने, वळलेल्या होत्या. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. मी खाली बघितलं.

"डावा मी भरला होता," ती म्हणाली.

हे खरंच होतं. भरला तिनेच होता. मग तिने अंगरख्याची गाठ सोडली, नीलासचा तो गारठलेला पाय आपल्या उघड्या पोटाशी धरला आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसली. मला तो पाय हवा होता. त्या वेळीसुद्धा माझ्या मनात हेच आलं, की माझ्या पोटाशी का नाही धरला.

पुढचे बारा दिवस मी मुक्कामात मोठी झाले. मारित मला आधी कॉफी ओतायची. "अनुभव तो अनुभव," म्हणायची. इंगिरच्या हातची कॉफी मात्र ती नको म्हणायची, आत्ताच झाली म्हणून. नदीवर पाण्याला गेलं की बाकीच्या बायका इंगिरला पुढे जाऊ द्यायच्या आणि मागे कुजबुजायच्या. मला घास गोड लागत नव्हता. नीलासची दोन बोटं आधी निळी, मग काळी पडली. ती राहणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. त्याचा राग कोणावर होता ते कळत नव्हतं. तो इंगिरशी बोलायचा, पण हसायचा नाही. हेच तर मला हवं होतं ना? मग मला ते बघवत का नव्हतं?

मी गप्प होते आणि तीही गप्प होती. पण तिच्या गप्प बसण्यात काहीतरी होतं जे माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याचाही हेवा वाटायला लागला. बोलून टाक बाई, असं मनात म्हणायची. मला चोर म्हण, म्हणजे मला तुझ्याशी भांडता तरी येईल. ती बोलली नाही.

तेराव्या दिवशी युस्साभावजी नदीवरून परतले ते हसतच. "धरली," म्हणाले. मुक्काम उठला. गाड्या बांधल्या गेल्या, जनावरं ओळीने लागली. नीलासने गाडीत बसून यायचं होतं. बूट तर भरायलाच हवेत. भावजींनी ते दोन्ही बूट आणून सगळ्यांसमोर माझ्या पुढ्यात ठेवले.

"ह्या हिवाळ्यात दोन्ही राव्नाच भरेल," ते म्हणाले. "विषय संपला."

मी माझ्या पिशवीत हात घातला. मनात एकच भीती होती, आत तर सगळं दंवाचंच गवत आहे, आता काय भरू? आणि हाताला वरच दोन चुंबळी लागल्या. बाहेर काढल्या. पीळ उजवीकडचा, माझा. हुबेहूब माझा, शेवटची काडी आत खोचायची माझी पद्धतसुद्धा. पण गवत रेशमासारखं होतं.

माझ्या बोटांना दोन वर्षांत असा पीळ जमला नव्हता.

तिने आपल्या चुंबळी सोडून, माझ्या पद्धतीने परत वळून, माझ्या पिशवीत ठेवल्या होत्या. कोणाला कळणार नव्हतं. मी ते गवत भरलं असतं, लोकांनी माझं नाव घेतलं असतं, नीलासचे पाय गरम राहिले असते. आणि हे तिने माझ्यासाठी केलं नव्हतं, एवढं कळण्याइतकी मी शुद्धीवर होते. तिला फक्त त्याचे पाय गरम राहायला हवे होते. नाव कोणाचंही होवो. मला नाव हवं होतं, पाय कसेही राहोत. चोवीस वर्षांची आई मी, आणि आठ महिन्यांची बायको ती.

नीलासने पाय पुढे केले. डाव्याला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"हे गवत इंगिरचं आहे," मी म्हटलं.

"अगं, पीळ तर तुझा दिसतोय," मारित म्हणाली.

"पीळ माझा दिसतोय. गवत तिचं. तेव्हाही चांगलं गवत तिचंच होतं, उजव्यातलं. निघायच्या सकाळी मी बदललं. डाव्यातलं माझं होतं. दंव पडल्यावर कापलेलं." मी सुजलेले हात पुढे केले. "माझी बोटं वळत नाहीत. ती जिंकत होती, ते मला बघवलं नाही."

एक जनावर खूर आपटत होतं. युस्साभावजींनी टोपी काढली आणि परत घातली. नीलास माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने आपले दोन्ही पाय माझ्यापुढून मागे घेतले. ओरडला असता तर मी सोसलं असतं.

मी इंगिरला म्हटलं, "तुला ठाऊक होतं. बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगणार होते? गाईवालीचं कोणी ऐकलं असतं?" ती म्हणाली. आवाजात गोडवा बिलकुल नव्हता. "आणि तुमची बोटं वळत नाहीत हे मला ऑगस्टपासूनच ठाऊक आहे. मागितलं असतं तर दिलं असतं मी गवत. पोतंभर आहे."

तिने माझ्या हातातून चुंबळी घेतल्या, सोडल्या, फुलवल्या आणि नीलासचे दोन्ही बूट भरले. डावा भरताना काळ्या बोटांपाशी तिने दुप्पट गवत घातलं. मग उठली, आपल्या पिशवीतून आणखी दोन चुंबळी काढल्या आणि माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"पाय पुढे करा."

"माझे मी भरलेत."

"भुग्याने भरलेत. वाटेत गारठलात तर तुम्हाला गाडीत घालून मलाच ओढावं लागेल. करा पुढे."

तिने माझे बूट ओढून काढले. चाळीस वर्षांत माझे बूट दुसऱ्या कोणी भरले नव्हते. लहानपणी आईने भरले तेवढेच. तिच्या हातात मायाबिया काही नव्हती, जनावराचा पट्टा आवळावा तशा तिने पट्ट्या आवळल्या आणि निघून गेली.

नदी ओलांडून हिवाळ्याच्या कुरणावर पोचायला आम्हाला नऊ दिवस लागले. नऊ दिवस नीलास माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नाताळात चर्चच्या गावी डॉक्टरने त्याची दोन बोटं काढली, तेव्हाही त्याने हात धरला तो इंगिरचा. पुढे तो बोलायला लागला, पण त्याने परत कधी माझ्यापुढे पाय केले नाहीत. माझे बूट मात्र त्या दिवसापासून तीच भरते, रोज, न बोलता. आणि त्या पहिल्या दिवशी, ओळीच्या शेवटी चालताना, वारा तोंडावर येत होता, पुढे माझा मुलगा पाठ करून गाडीत बसला होता, आणि माझे पाय इतके गरम होते, इतके गरम, की मी वाटभर जळत होते.